दहाच्या आतली माणसे

हुबळी रेल्वे स्थानकातील १५०७ मीटर लांबीच्या फलाटाचे मार्च २०२३ मध्ये लोकार्पण झाले, तेव्हा जगातील सर्वांत लांब फलाट म्हणून त्याचा देशभर गाजावाजा झाला. तो व्हावा यात गैर काहीच नाही. परंतु त्याच लोहमार्गावर वीसेक किलोमीटर पुढे धारवाडचे स्थानक लागते आणि स्थानकाच्या अंगालाच मळमड्डी ही जुनी वस्ती आहे. तिच्या आसपासच्या वखारींपुढे, गिरण्यांपुढे, लहानसहान कारखान्यांपुढे माल चढविण्या-उतरविण्याचे जे धक्के आहेत, त्यांची उंची किती, त्यांवर किती वजन पेलते, तेथे टांगलेली कप्पी कोणी तपासली आहे, याची विचारपूस कोणीही करीत नाही. माणसे जेथे गाडीत चढतात त्या फलाटाचा उत्सव होतो; माल जेथे गाडीत चढतो त्या धक्क्याची नोंद होते ती बहुधा पोलिसांच्या पंचनाम्यात.

गोव्याच्या वाचकांना हा घाटापलीकडचा विषय वाटेल. पण मुरगाव बंदर आणि धारवाड यांचे नाते १८८० च्या दशकात घाट फोडून लोहमार्ग आला तेव्हापासूनचे आहे. सदर्न मराठा रेल्वेचे मुख्य कार्यालय त्या काळी धारवाडातच होते. त्याच वास्तूत पुढे कर्नाटक कॉलेज नांदू लागले. धारवाडकडचा कापूस या मार्गाने मुरगावला उतरे आणि आजही बंदरातला माल त्याच मार्गाने वर चढतो. शिवाय मडगाव-म्हापशाच्या बाजारात किंवा वास्कोच्या गोदामात पाठीवर पोते घेणाऱ्या माणसाला त्याचे गाव विचारले, तर तो पुष्कळदा हुबळी, धारवाड, गदग याच मुलखातले नाव सांगतो. बेंद्रे-मन्सुरांचे धारवाड आपण अभिमानाने सांगतो. ओझी वाहणारे धारवाडही आपल्याच दारात उभे आहे.

काही महिन्यांपूर्वी आम्हांस मळमड्डीच्या बाजूला एका परिचिताच्या वखारीत तासभर थांबण्याचा योग आला. वखारीचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण तशा वखारी वेर्ण्यात, कुंडईत, बेळगावात आणि सांगलीतही सापडतील. सिमेंट-दगडाचा धक्का, त्याला पाठ लावून उभा केलेला मालट्रक आणि दोहोंमधल्या फटीवर टाकलेला, मीटरभर लांबीचा जाड लोखंडी पत्रा. ट्रक पुढे सरकू नये म्हणून एका चाकाखाली दगड ठेवलेला, दुसरे चाक मोकळे. पत्र्यावरून फोर्कलिफ्ट ये-जा करीत होती. आतल्या बाजूस, छपराच्या लोखंडी कैचीला साखळीने बांधलेली चेनपुली लोंबत होती. तिच्यावरील कारखान्याची पाटी रंगाच्या थराखाली गेल्यामुळे ती किती वजनाची, हे कोणास सांगता येत नव्हते. आम्ही विचारले तेव्हा मालक हसून म्हणाले, "पंधरा वर्षं चाललंय, आजवर काही झालं नाही."

या उत्तरात मालकांचा दुष्टपणा नव्हता. माणूस सज्जन, हमालांना सणासुदीला मिठाई देणारा. पण "आजवर काही झालं नाही" या चार शब्दांवर आपल्याकडील मालधक्क्यांची सारी व्यवस्था उभी आहे, आणि म्हणून ते शब्द थोडे उलगडून पाहिले पाहिजेत.

प्रथम तो पत्रा. तो घेताना "आमची फोर्कलिफ्ट दोन टनांची, म्हणून दोन टन पेलणारा पत्रा हवा" असा विचार केला जातो. हिशेब येथेच फसतो. दोन टन उचलणारी फोर्कलिफ्ट स्वतः तीन-साडेतीन टनांची असते, कारण पुढचे ओझे तोलण्यासाठी तिच्या पाठीत लोखंडाचे वजन भरलेले असते. म्हणजे मालासह पत्र्यावरून पाच टनांहून अधिक भार जातो, आणि भरलेल्या स्थितीत त्यातला बहुतेक सारा पुढच्या दोन चाकांवर येतो. पत्रा एकदम मोडत नाही. तो दर फेरीला थोडा वाकतो आणि एके दिवशी त्याची कड धक्क्यावरून निसटते.

मग उंचीचा प्रश्न. आपल्याकडील मालट्रकांच्या हौद्यांची उंची सारखी नसते, आणि एकाच ट्रकाची उंचीही माल उतरत जाईल तशी वाढते, कारण कमानी मोकळ्या होतात. फळीचा उतार दहास एकाहून तीव्र नसावा, असा सर्वसाधारण दंडक आहे. धक्का आणि हौदा यांत वीस सेंटिमीटरांचा फरक पडला, तर फळी दोन मीटर लांब हवी. आम्ही पाहिलेली तिच्या निम्म्याने होती. धारवाडचा पाऊस चार महिने चिकटून बसतो. ओल्या लोखंडावरून ओल्या चाकांनी असा चढ चढणे म्हणजे काय, हे त्या चालकालाच ठाऊक. उंची जुळवून घेणारा, धक्क्यातच बसविलेला यांत्रिक पूल, ज्याला डॉक लेव्हलर म्हणतात, तो मोठ्या कंपन्यांच्या गोदामांत असतो. लहान व्यापाऱ्याला तो परवडणार नाही, हे आम्ही मान्य करतो. पण पुरेशा लांबीची, खरबरीत पाठीची, खालून आडवी पट्टी असल्यामुळे न सरकणारी आणि भार ठळकपणे लिहिलेली फळी त्याला परवडते.

दगडाची गोष्ट याहून गंभीर आहे. फोर्कलिफ्ट हौद्यात शिरून थांबते, तेव्हा दर खेपेस ती ट्रकला किंचित पुढे ढकलते. वीस-पंचवीस खेपांत फट चार-सहा बोटे रुंदावते आणि ते कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. दुसरा धोका चालकाच्या घाईचा. माल उतरला असे समजून तो गाडी काढतो आणि मागे माणूस अजून फळीवर असतो. दोहोंवर उपाय फार जुने व फार साधे आहेत. दोन्ही बाजूंच्या चाकांना पाचरीच्या आकाराचे पक्के ठोकळे लावावेत आणि ट्रकची किल्ली माल उतरेपर्यंत धक्क्यावरच्या माणसाच्या खिशात असावी. ठोकळ्यांच्या जोडीला एका नव्या टायरइतकाही खर्च येत नाही. किल्लीला तर काहीच लागत नाही. लागतो तो चालकाला "किल्ली दे" म्हणण्याचा अधिकार, आणि रोजंदारीवरच्या हमालाला तो कोणी देत नाही.

चेनपुलीकडे वळू. छपराची कैची पत्र्याचे व वाऱ्याचे वजन धरून बांधलेली असते, टांगलेले ओझे धरून नव्हे. मध्येच एखाद्या सळीला दोन टनांचे यंत्र लटकविले, तर यंत्र शाबूत राहून छप्पर खाली येण्याचा संभव असतो. खरेदीच्या वेळी चौकशी होते ती यंत्राच्या ताकदीची. ज्याला ते बांधायचे त्याच्या ताकदीची होत नाही. आणि यंत्र पुष्कळदा भंगारबाजारातून आलेले असते. साखळी किती ताणली गेली आहे, आकड्याचे तोंड किती उघडले आहे, आकड्याला ओझे निसटू न देणारी चाप आहे की गेली, हे कोणी मोजलेले नसते. किनाऱ्यावर तर खाऱ्या हवेचा आणखी एक हिशेब असतो. तारेचा दोर बाहेरून वंगणाने चकचकीत दिसतो आणि आतला गाभा गंजून गेलेला असतो.

ओझे बांधण्याच्या रीतीतही एक गणित आहे आणि ते शाळेतल्या त्रिकोणमितीहून अवघड नाही. दोन पायांच्या स्लिंगने एक टनाचे ओझे उचलताना पायांमधला कोन साठ अंशांचा असेल, तर प्रत्येक पायावर सुमारे ५८० किलोंचा ताण येतो. दोर आखूड पडला म्हणून पाय फाकवून कोन १२० अंशांचा केला, तर त्याच ओझ्याचा पुरा एक टन ताण प्रत्येक पायावर येतो. ओझे तेच, दोर तोच; फक्त बांधणी बदलली आणि ताण पाऊणपट वाढला. म्हणूनच साखळीच्या तुटण्याच्या वजनाचा चौथा, तारेच्या दोराच्या बाबतीत पाचवा आणि कापडी पट्ट्याच्या बाबतीत सातवा हिस्सा एवढेच ओझे सुरक्षित मानण्याची प्रथा जगभर पडली आहे. हा काही विलायती भित्रेपणा नव्हे. झटका, झीज, गाठ आणि माणसाची चूक यांसाठी ठेवलेली ती जागा आहे. आपल्याकडे ती जागा "अजून पेलतंय की" म्हणून रोज वापरून टाकली जाते.

धारवाडच्या बाबतीत जमिनीचाही विचार लागतो. शहराच्या पश्चिमेला मलनाडाकडची तांबडी, मुरमाड जमीन आणि पूर्वेला हुबळीकडे काळी कापसाची जमीन. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. त्या मातीवर नीट पाया न घेता उभा केलेला धक्का दोन-तीन पावसाळ्यांत कलतो, आणि फिरती क्रेन तेथे पाय रोवते तेव्हा पायाखाली रुंद फळ्या नसतील तर एका बाजूने रुतते. ज्या पिवळ्या यंत्राला गावोगाव हायड्रा म्हणतात, ते तर ओझे पुढे लोंबकळत ठेवून रस्त्याने चालत जाते. चालकाला समोरचे धड दिसत नाही आणि ओझे झुलू नये म्हणून एक माणूस ते हाताने धरून पुढे चालतो. तो माणूस ओझ्याच्या आणि यंत्राच्या मध्ये असतो. हे दृश्य इतके नेहमीचे झाले आहे की त्यात काही विपरीत आहे, असे आपल्याला वाटेनासे झाले आहे.

लहान व्यापाऱ्याचे अज्ञान हेच सर्व अपघातांचे मूळ, असा मात्र यातून अर्थ काढू नये. विशाखापट्टणच्या हिंदुस्थान शिपयार्डमध्ये १ ऑगस्ट २०२० रोजी ७० टनी क्रेन कोसळून ११ जण मृत्युमुखी पडले. ती सरकारी गोदी होती. तेथे अभियंते होते, कागदपत्रे होती. क्रेन नेहमीचा माल उचलीत नव्हती, तिची चाचणी चालू होती. बरोबर तीन वर्षांनी, १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे, समृद्धी महामार्गाच्या कामावर शहापूर तालुक्यातील सरळांबे येथे पुलाच्या तुळया बसविणारे अजस्र यंत्र कोसळले आणि २० माणसे गेली. लोकमान्यांच्या पुण्यतिथीचा दिवस महाराष्ट्राने त्या वर्षी असा पाळला. त्यानंतर दीडच महिन्यात, १० सप्टेंबरला, ठाण्यातील बाळकुम येथे चाळीस मजली इमारतीच्या कामावरची लिफ्ट कोसळून ७ कामगार मरण पावले.

या तिन्ही घटनांची कारणे सारखी नसतील आणि त्यांचा निवाडा आम्ही येथे करीत नाही. मात्र त्यांत एक समान धागा दिसतो. चाचणीतील क्रेन, दर गाळ्यागणिक पुढे सरकवून पुन्हा नव्याने बसवावे लागणारे तुळईयंत्र आणि काम संपताच काढून टाकावयाची लिफ्ट, ही तिन्ही यंत्रे कायमची स्थिरावलेली नव्हती. यंत्र उभारण्याचा, हलविण्याचा, पहिल्यांदा भार देण्याचा दिवस हा त्याच्या आयुष्यातला सर्वांत धोक्याचा दिवस असतो. त्या दिवशी यंत्राखाली आणि यंत्रावर शक्य तितकी कमी माणसे असावीत. आपल्याकडे नेमकी त्या दिवशी गर्दी असते, नारळ फोडायला सुद्धा.

अपघातानंतर आपल्या वृत्तपत्रांतून, आणि त्यांत आम्हीही आलो, "चालकाच्या निष्काळजीपणामुळे" हे शब्द सवयीने छापले जातात. यंत्र निवडणारा, ते स्वस्तात आणणारा, भलत्या जागी बसविणारा आणि तपासणीच्या कागदावर न पाहता सही करणारा ही माणसे त्या वाक्यात कोठेच नसतात. गुन्हा दाखल होतो तो बहुधा ज्याच्या हातात दांडा होता त्याच्यावर, तो जिवंत असल्यास.

बंदरांनी हा धडा फार पूर्वी घेतला. गोदी कामगारांच्या अपघातांविषयी जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने १९२९ आणि १९३२ मध्ये करार केले. त्यांना अनुसरून हिंदुस्थानात १९३४ चा गोदी मजूर कायदा झाला, परंतु त्याची प्रत्यक्ष अंमलबजावणी होण्यास १९४८ साल उजाडावे लागले. पोर्तुगीज अमलाखालील मुरगावास तो अर्थातच लागू नव्हता. पुढे १९८६ चा कायदा व १९९० चे विनियम आले. त्यांतील चाचणीचे कोष्टक वाचण्यासारखे आहे. वीस टनांपर्यंतच्या यंत्राला त्याच्या सुरक्षित भारापेक्षा पंचवीस टक्के अधिक, वीस ते पन्नास टनांना पाच टन अधिक आणि त्यापुढे दहा टक्के अधिक भार देऊन पाहायचे. मग ते प्रमाणपत्र नोंदवहीत लावायचे. आणि वहीत नाही ते सामान वापरायचे नाही. कारखान्यांसाठीही १९४८ च्या कायद्यात उचलयंत्रे, साखळ्या व दोर यांची वर्षातून निदान एकदा आणि मालाच्या लिफ्टची सहा महिन्यांतून एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासणी सांगितली होती. हे सारे नियम उत्तम पाळले गेले, असे कोणी म्हणणार नाही. पण निदान विचारायला वही होती.

आता ते कायदे राहिले नाहीत. संसदेने २०२० मध्ये मंजूर केलेली व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आणि कारखाने व गोदी यांचे जुने कायदे तिच्यात सामावले गेले. या संहितेवर सरसकट टीका करण्याचा आमचा इरादा नाही. जुन्या कारखाने कायद्याला केवळ साठवणुकीची वखार दिसतच नसे, कारण तेथे काही तयार होत नाही. नव्या संहितेने व्यापार-उदिमाची जागाही आस्थापना मानली आहे. ही सुधारणा खरीच. परंतु ती मानताना एक आकडा घातला आहे, आणि तो दहाचा आहे. दहा किंवा अधिक कामगार असतील तरच आस्थापना. कारखान्याची मर्यादा तर विजेवर चालणाऱ्या ठिकाणी दहावरून वीस आणि विजेविना चालणाऱ्या ठिकाणी वीसवरून चाळीस अशी वाढविली आहे. खाणी आणि बंदरे यांना मात्र माणसे मोजण्याची अट नाही, कारण तेथला धोका डोकी मोजून ठरत नाही, हे कायदा करणाऱ्यांना मान्य आहे.

मग तेच तत्त्व मळमड्डीच्या धक्क्याला का नाही? आम्ही पाहिलेल्या वखारीत मालकाचा पुतण्या धरून आठ माणसे होती. हमालांची टोळी बाहेरची. ती कोणाची नोकर, हे तिलाही ठाऊक नाही. दोन टनांचे ओझे डोक्यावर टांगलेले असताना खाली आठ माणसे आहेत की अठरा, याने साखळीच्या कड्याला काही फरक पडत नाही. किंबहुना लहान जागेतच जुने यंत्र येते, तेथेच अभियंता नसतो आणि तेथेच "किल्ली दे" म्हणणारा कोणी नसतो.

यातून वाट निघते, आणि ती संहितेतच आहे. ज्या ठिकाणी धोक्याचा किंवा जीवघेणा उद्योग चालतो, अशा आस्थापनांना केंद्र सरकारने अधिसूचित केल्यास दहाची अट लागू होत नाही, अशी तरतूद तिच्यात आहे. यांत्रिक शक्तीने किंवा कप्पीने एका ठरावीक वजनापलीकडचे ओझे माणसांच्या वर उचलणे आणि फोर्कलिफ्टने ट्रकात माल भरणे, ही कामे या तरतुदीखाली आणावीत, अशी आमची मागणी आहे. गोवा आणि कर्नाटक या दोन्ही सरकारांनी ती दिल्लीकडे करावी.

तपासणी करणार कोण, हा पुढचा प्रश्न. निरीक्षक आधीच अपुरे. त्यांना गल्लीगल्लीतील वखारी दाखविल्या तर तपासणीऐवजी हप्त्याची नवी सोय होईल, ही व्यापाऱ्यांची भीती अगदी निराधार म्हणता येणार नाही. म्हणून आम्हांस दुसरी पद्धत सुचवावीशी वाटते. महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा केला आणि केरळने १९७८ मध्ये ओझेवाल्यांसाठी कायदा केला. पाठीवर ओझे वाहणाऱ्याला एकच एक मालक नसतो, हे ओळखून दोन्ही राज्यांनी मंडळे नेमली. त्या मंडळांत पुढे काय काय शिरले, याची कहाणी वेगळी आहे आणि ती सर्वस्वी अभिमानाची नाही; पण मूळ कल्पना चुकीची नव्हती. तिचाच विस्तार करून बाजार समितीने, औद्योगिक वसाहतीने किंवा व्यापारी संघाने आपापल्या आवारासाठी एक पात्र तपासनीस सामाईक खर्चाने नेमावा. हुबळीच्या अमरगोळ बाजार आवारात किंवा आपल्या वेर्ण्याच्या वसाहतीत हे करण्यास कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही.

गोदामांची नोंदणी करणारे केंद्रीय प्राधिकरण २००७ च्या कायद्याने अस्तित्वात आले आहे. त्याच्या नोंदणीत आणि बँकांच्या गोदामकर्जात धक्का, फळी व उचलयंत्र यांचे प्रमाणपत्र ही एक ओळ वाढवावी. विमा कंपनी मालाच्या विम्यासाठी आगीची चौकशी करते. तिने साखळीचीही करावी. यंत्र विकणाऱ्यावरही एक जबाबदारी येते. जुने यंत्र विकताना त्याचा सुरक्षित भार लिहून देणे आणि बसविणाऱ्याने ते कशाला टांगले, कोणत्या पायावर उभे केले, हे सहीनिशी नोंदवून ठेवणे बंधनकारक झाले, तर अपघातानंतर निदान विचारणा कोठून सुरू करायची, हे तरी समजेल.

वखारीच्या मालकांना आम्ही निघताना एवढेच सुचविले की, चेनपुली कैचीवरून उतरवून तिच्यासाठी जमिनीवर पाय रोवलेली स्वतंत्र चौकट उभी करा, तिचा भार कोणाकडून तरी काढून घ्या आणि दुसऱ्या चाकालाही ठोकळा लावा. पावसाळ्यानंतर पाहू, असे ते म्हणाले.